लहान ते सुंदर; पण ते कोणाच्या हाती?

ई. एफ. शुमाखर यांचे ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ हे पुस्तक १९७३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. मी ते प्रथम वाचले सेमिनरीत असताना, १९९०च्या दशकात. तत्त्वज्ञानाच्या जाडजूड ग्रंथांच्या रांगेत ही लहानशी प्रत अंग चोरून उभी होती. दोन रात्रींत ती वाचून काढली आणि जगाच्या आर्थिक प्रश्नाचे उत्तर आपल्याला गवसले, अशी माझ्या तरुण मनाने समजूत करून घेतली. मोठे कारखाने नकोत, लहान यंत्रे हवीत; शहर नको, गाव हवे, असे ते सोपे उत्तर होते. गुरुदीक्षेनंतर मिळालेल्या पहिल्याच धर्मग्रामात मी ते अमलात आणायला निघालो. दात्यांकडे हात पसरून दहा शिलाई यंत्रे घेतली आणि धर्मग्रामाच्या सभागृहात महिलांसाठी शिवणकेंद्र सुरू केले. तीन वर्षांनी ती यंत्रे माळ्यावर जाऊन बसली.

उत्तर कोठे चुकले, हे मला त्या वेळी उमगले नाही. गेल्या वर्षी आगमन काळात हे पुस्तक पुन्हा हाती घेतले, तेव्हा ध्यानात आले की चूक पुस्तकाची होती त्याहून अधिक माझ्या वाचनाची होती. मी शीर्षक वाचले होते. पुस्तक शेवटपर्यंत वाचले नव्हते. मला वाटते, या पुस्तकाच्या वाट्याला जगभर असेच वाचक पुष्कळ आले. म्हणून हा पुनर्विचार.

प्रथम लेखकाविषयी. एर्न्स्ट फ्रिडरिक शुमाखर यांचा जन्म १९११ साली जर्मनीतील बॉन येथे झाला. १९३० साली शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला गेले आणि महायुद्धापूर्वीच इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. युद्ध पेटल्यावर शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना काही काळ स्थानबद्धता भोगावी लागली. नंतर या अर्थशास्त्रज्ञाने इंग्लंडमधील एका खेड्यात शेतमजुरी केली. पुढे १९५० ते १९७० अशी वीस वर्षे ते ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळाचे आर्थिक सल्लागार होते. आरंभी या मंडळाच्या पदरी लाखो माणसे होती. म्हणजे लहानाचे गुणगान करणारा हा माणूस युरोपातील एका प्रचंड संस्थेत वावरलेला होता, ही गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे. १९५५ साली ते सल्लागार म्हणून ब्रह्मदेशात गेले आणि तेथील साध्या, समाधानी जीवनाने त्यांच्या शिकलेल्या अर्थशास्त्राला पहिला मोठा धक्का दिला. १९७१ साली त्यांनी कॅथलिक श्रद्धेचा स्वीकार केला. १९७७ साली स्वित्झर्लंडमध्ये आगगाडीच्या प्रवासात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या विचाराचा एक धागा आपल्या पुण्याशीही जुळतो. जानेवारी १९६१ मध्ये आर्थिक विकासाच्या मार्गांवर पुण्यात एक आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला होता. त्यात शुमाखर यांनी निबंध वाचला. ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत ती कशी पोहोचवावी, हा त्याचा विषय होता. भारताच्या खेड्यांतील बेकारी त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि तिच्यातून त्यांची सर्वांत प्रसिद्ध कल्पना आकारास आली. ती कल्पना म्हणजे मधले तंत्रज्ञान.

ही कल्पना ते पौंडांच्या भाषेत मांडतात. गरीब देशातील परंपरागत साधनाला एका माणसामागे १ पौंड भांडवल लागते असे समजा आणि श्रीमंत देशातील यंत्राला १००० पौंड. गरिबाच्या दारात एकदम १००० पौंडांचे यंत्र आणून ठेवले, तर ते यंत्र चार जणांना काम देते आणि चारशे जणांचे काम हिरावते. म्हणून १०० पौंडांचे साधन हवे: जुन्या अवजारापेक्षा कितीतरी सरस, परंतु गावात दुरुस्त होण्याजोगे आणि गावाच्या कुवतीतले. या विचाराचा पाठपुरावा करण्यासाठी त्यांनी १९६६ साली इंग्लंडमध्ये एक संस्थाही स्थापन केली. यंत्रांनी ढीगभर माल काढावा की बहुसंख्य लोकांच्या हातांनी तो काढावा, हा गांधीजींचा प्रश्न या प्रकरणांमागे उभा आहे आणि शुमाखर ते ऋण मोकळेपणाने मान्य करतात.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्या भागातील दोन विचार आजही तेवढेच ताजे वाटतात. पहिला विचार भांडवल आणि उत्पन्न यांतील फरकाचा. घरातले दागिने मोडून महिन्याचा खर्च भागवणाऱ्या कुटुंबाला आपण सधन म्हणत नाही. परंतु पृथ्वीच्या पोटातील कोळसा आणि तेल उपसून खर्च करणाऱ्या राष्ट्रांना मात्र आपण सधन म्हणतो. निसर्गाने एकदाच दिलेली ठेव आपण मिळकत समजून उधळीत आहोत, हे शुमाखर यांनी हिशेब तपासनिसाच्या थंडपणाने दाखवून दिले आहे. आपल्या भागातील वाड्या विकून बांधलेल्या इमारतींकडे पाहताना हा हिशेब अनेक घरांना लागू पडावा.

दुसरा विचार श्रमाविषयीचा. रूढ अर्थशास्त्राला श्रम म्हणजे एक खर्च वाटतो. मालकाच्या दृष्टीने तो कमी करण्याजोगा, मजुराच्या दृष्टीने टाळण्याजोगा. शुमाखर श्रमाची तीन प्रयोजने सांगतात. माणसाला आपल्या अंगच्या गुणांचा विकास करता यावा, इतरांबरोबर काम करताना त्याचा अहंकार झिजावा आणि जगण्यास आवश्यक त्या वस्तू निर्माण व्हाव्यात. वस्तूंचा क्रम शेवटचा आहे, हे लक्षात घ्यावे. या प्रकरणाला त्यांनी बौद्ध अर्थशास्त्र असे नाव दिले. ख्रिस्ती अर्थशास्त्र म्हटले असते तर कोणी वाचले नसते, असे ते मिस्कीलपणे म्हणत, अशी आठवण सांगितली जाते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमावरील आपल्या परिपत्रकात श्रम माणसासाठी आहे, माणूस श्रमासाठी नव्हे, हा विचार विस्ताराने मांडला. त्याच्याशी हे प्रकरण ताडून पाहण्यासारखे आहे.

येथवर स्तुती झाली. आता पुस्तकाच्या उणिवांकडे वळणे समीक्षकाचे कर्तव्य आहे आणि त्या उणिवा किरकोळ नाहीत.

पहिली उणीव कोळशाची. शुमाखर यांची चिंता कोळसा आणि तेल संपेल ही होती. अणुऊर्जेच्या किरणोत्सर्गी कचऱ्याविषयी त्यांनी दिलेला इशारा गंभीर आहे. परंतु कोळशाच्या बाबतीत या कोळसा मंडळाच्या सल्लागाराची लेखणी थोडी मऊ झाली आहे, असे वाचताना वाटत राहते. आज आपल्याला ठाऊक आहे की संकट कोळसा संपण्यात नाही, तो जाळण्यात आहे. वातावरण तापते आहे आणि समुद्र किनाऱ्यावरील घरांकडे सरकतो आहे. १९७३ साली ही जाणीव सार्वत्रिक नव्हती, हे मान्य केले तरी पुस्तकाचा हा भाग जुना झाला आहे, असे म्हणणे भाग आहे.

दुसरी उणीव स्त्रियांविषयीची आहे आणि ती मला अधिक खटकते. श्रमाच्या महतीवर इतके सुंदर लिहिणारा हा लेखक त्याच प्रकरणात असे सुचवतो की, कार्यालयांत आणि कारखान्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया काम करू लागणे हे आर्थिक अपयशाचे लक्षण होय. श्रमाने माणसाचे गुण विकसित होत असतील, तर ते केवळ पुरुषाचेच का व्हावेत? आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरे परिचारिकांच्या रात्रपाळ्यांनी आणि शिक्षिकांच्या पगाराने उभी राहिली आहेत. त्यांच्या आधीच्या पिढीतील माउल्या भाजीच्या आणि फुलांच्या पाट्या घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबई गाठीत होत्या. त्यांच्या कामाला अपयश म्हणणारे अर्थशास्त्र, मग ते कोणत्याही धर्माच्या नावाने आलेले असो, आपण स्वीकारू शकत नाही. किंबहुना याच माउल्या शीर्षकाला दुसरा प्रश्नही विचारतात. त्यांची वाडी लहान होती, पाटी लहान होती. परंतु ती पाटी बाजारात पोहोचवणारी रेल्वे अवाढव्य होती. मोठे नसते तर हे लहान जगले नसते.

तिसरी उणीव गावाविषयीच्या भाबडेपणाची. खेड्यांवरील प्रकरणात शुमाखर गावाकडे एकजिनसी, परस्परांना धरून राहणारा समाज म्हणून पाहतात. जातीचा विचार त्यांच्या लिखाणात जवळजवळ आढळत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रामव्यवस्थेच्या गौरवावर कठोर टीका केली होती. ज्याला गावाने विहिरीवर येऊ दिले नाही, त्याला गाव लहान आहे म्हणून सुंदर कसे वाटावे? लहान जागेत अन्याय अधिक जवळून बोचतो आणि तेथून पळून जाण्यास वाटही नसते.

या तीन उणिवा ध्यानी घेतल्या म्हणजे लहानपणा हा काही सद्गुण नव्हे, हे स्पष्ट होते. मग या पुस्तकात उरते काय? माझे उत्तर असे की, जे उरते तेच या पुस्तकाचे मर्म आहे आणि ते शीर्षकात नाही. शीर्षक मुळी शुमाखर यांच्या मनातले नव्हतेच; ते प्रकाशकांकडून आले. आकाराविषयीच्या प्रकरणात लेखक स्वतः बजावतो की माणसाला स्वातंत्र्यही हवे आणि सुव्यवस्थाही, म्हणून लहानही हवे आणि मोठेही; लोक लहानाची पूजा करू लागले असते, तर आपल्याला उलट बाजूने बोलावे लागले असते. शीर्षकाने मात्र हा तोल बिघडवला.

पुस्तकाचे मर्म चौथ्या भागात आहे. वाचक थकल्यावर येणारा हा भाग संघटना आणि मालकी यांविषयी आहे. येथे शुमाखर पोप अकरावे पायस यांच्या १९३१ सालच्या परिपत्रकाचा आधार घेतात. कामगारांच्या स्थितीवरील पोप तेरावे लिओ यांच्या १८९१ सालच्या परिपत्रकाला चाळीस वर्षे झाली, त्या निमित्ताने ते निघाले होते. त्यातील तत्त्व थोडक्यात असे: जे काम लहान आणि खालच्या समूहाला करता येते, ते मोठ्या आणि वरच्या संस्थेने काढून घेणे हा अन्याय आहे; मोठ्याने लहानाला गिळू नये, साह्य करावे. कोळसा मंडळासारख्या महाकाय संस्थेतही प्रत्येक विभागाला स्वतःचा हिशेब आणि स्वतःचा निर्णय कसा देता येतो, हे शुमाखर अनुभवाने सांगतात. पुढे ते स्कॉट बेडर या इंग्रजी कंपनीचे उदाहरण देतात. तिचे मालक अर्न्स्ट बेडर यांनी १९५१ साली कंपनीची मालकी कामगारांच्या सामुदायिक संस्थेकडे सोपवली. सर्वांत कमी आणि सर्वांत अधिक पगार यांत एकास सातपेक्षा जास्त अंतर नसावे आणि साडेतीनशेच्या आसपास माणसे झाली की कंपनीने आणखी फुगू नये, असे नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतले. येथे शुमाखर यांचा खरा प्रश्न उघड होतो. यंत्र केवढे आहे, हा तो प्रश्न नाही. यंत्रावर, मालावर आणि किमतीवर निर्णय कोणाचा, हा तो प्रश्न आहे.

हा प्रश्न किती खरा आहे, याची परीक्षा आपल्याच देशाच्या किनाऱ्यावर झाली आहे. केरळात कोल्लमजवळ नींडकरा येथे १९५३ साली नॉर्वेच्या साह्याने मासेमारी सुधारण्याचा प्रकल्प सुरू झाला. हेतू चांगला होता. गरीब मच्छीमारांना इंजिनाच्या बोटी मिळाव्यात, त्यांची मिळकत वाढावी. परंतु परदेशांतून कोळंबीला मागणी आली, तसा ओघ बदलला. मोठ्या जाळ्यांचे ट्रॉलर वाढले आणि त्यांची मालकी बहुतांशी पैसा असलेल्यांकडे गेली. ज्यांच्यासाठी प्रकल्प काढला, त्या होडीवाल्यांच्या वाट्याचे मासे ट्रॉलर ओढून नेऊ लागले. १९७०च्या आणि १९८०च्या दशकांत तेथे तीव्र संघर्ष झाला. धर्मगुरू आणि धर्मभगिनीही मच्छीमारांबरोबर उपोषणास बसल्या. अखेर १९८८ सालापासून केरळात पावसाळ्यात ट्रॉलरवर बंदी येऊ लागली.

त्याच किनाऱ्यावर दुसरीही गोष्ट घडली. तिरुवनंतपुरमजवळ मरियानाड हे गाव १९६०च्या दशकात तेथील धर्मप्रांताच्या पुढाकाराने वसले. तेथील मच्छीमारांनी एक साधी गोष्ट हाती घेतली: किनाऱ्यावर मासळीचा पहिला लिलाव आपला आपण करायचा. तोवर व्यापारी आगाऊ कर्ज देत आणि त्या बदल्यात मासळीचा भाव ठरवीत. आता लिलाव संघ करू लागला. विक्रीतून थोडी रक्कम कर्जफेडीला आणि थोडी बचतीला वळती होऊ लागली. व्यापाऱ्यांशी झगडून हा हक्क मिळवावा लागला. असे गावोगावचे संघ एकत्र येऊन १९८० साली दक्षिण भारतीय मच्छीमार संघांचा महासंघ स्थापन झाला. लिलाव गावाच्या संघाकडे राहिला, त्याच्यावर जिल्ह्याचा संघ आणि जे गावाला किंवा जिल्ह्याला झेपणार नाही तेवढेच महासंघाकडे. अकराव्या पायसांचे तत्त्व वाळूत उतरवून पाहायचे असेल, तर ते असे दिसेल. पुढे कट्टुमारमसाठी लागणारे ओंडके दुर्मीळ व महाग झाले, तेव्हा या महासंघाने प्लायवूडच्या बोटी बांधायला घेतल्या. त्या कामी शुमाखर यांनी स्थापन केलेल्या संस्थेच्या तंत्रज्ञांचे साह्य झाले. येथेही सारे गोड झाले असे नाही. बोटींना इंजिने आली, तसा इंधनाचा खर्च वाढला आणि कर्जही आले. तथापि एक फरक राहिला. दोन्ही ठिकाणी बोटीच आल्या. एका ठिकाणी भाव ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती गेला, दुसऱ्या ठिकाणी तो होडीवाल्याच्या हाती आला.

हे वाचताना माझे शिवणकेंद्र डोळ्यांसमोर उभे राहिले. यंत्रे लहान होती आणि महिलांच्या स्वाधीन होती. परंतु परकर आणि शाळेचे गणवेश शिवून घेणारा व्यापारी एकच होता. नगामागे दर तो ठरवी, कापड तो आणी, मोबदला त्याच्या सवडीने देई. महिलांनी दर वाढवून मागितला, तेव्हा तो दुसऱ्या गावी गेला. मी दहा यंत्रांच्या आशीर्वादाचा समारंभ थाटाने केला होता. दर ठरवण्याच्या बैठकीत मात्र एकदाही बसलो नव्हतो आणि त्या महिलांना बसवलेही नव्हते. मधले तंत्रज्ञान होते, मालकीचा विचार नव्हता. पुस्तकाचा तिसरा भाग मी अमलात आणला आणि चौथा वाचलाच नाही.

आता कोणी म्हणेल, ही जुन्या काळची चर्चा झाली. आज तर प्रत्येकाच्या खिशात लहानसे यंत्र आले आहे. खरेच आहे. शुमाखर यांनी मोबाईल पाहिला असता तर ते क्षणभर आनंदले असते. इतके लहान, इतके स्वस्त, कोणत्याही खेड्यात चालणारे साधन! काही अंशी तो आनंद सार्थ आहे. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमुळे रस्त्यावरची भाजीवाली आज तिच्या तळहाताएवढ्या यंत्रावर पैसे घेते आणि त्यामागे बँकांनी मिळून उभारलेली विशाल यंत्रणा तिच्या सेवेला उभी असते. येथे मोठे लहानाला साह्य करते.

परंतु त्याच मोबाईलची दुसरी बाजू माझ्याकडे एका रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आली. घरोघर पार्सल पोहोचवणारा आमच्या धर्मग्रामातील एक तरुण. मोटारसायकल त्याची, पेट्रोल त्याचे, मोबाईल त्याचा. आदल्या दिवशी त्याचे खाते अचानक बंद झाले होते. कोण्या ग्राहकाने तक्रार केली असावी, असा त्याचा अंदाज. मी म्हटले, “तुझ्या साहेबांना जाऊन भेट. हवे तर मी येतो बरोबर.” तो म्हणाला, “फादर, माझे साहेब कोण, हेच मला ठाऊक नाही. मी मोबाईललाच विचारतो आणि मोबाईलच उत्तर देतो.” व्यापाऱ्याचे तोंड तरी माझ्या महिलांनी पाहिले होते. या मुलाजवळ साधने सारी स्वतःची आहेत; काम, दर आणि शिक्षा यांवर मात्र त्याचा शब्द चालत नाही आणि ज्याचा चालतो त्याला चेहराच नाही. साधन लहान, सत्ता दूरची, असा हा नवा मेळ आहे. शुमाखर यांच्या शीर्षकाला तो फसवून जातो. त्यांच्या चौथ्या भागाला मात्र तो फसवू शकत नाही.

८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव का घेतले, ते कार्डिनलांना सांगताना १८९१च्या परिपत्रकाचा आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा एकत्र उल्लेख केला. तेव्हाच्या कामगाराला निदान कारखान्याचे दार ठाऊक होते. आजच्या कामगारासाठी ते दार शोधून देणे, हे काम आता ख्रिस्तसभेपुढे आहे आणि धर्मग्रामापुढेही आहे. आमच्या भागातील अशा पंधरा-वीस तरुणांना आम्ही महिन्यातून एकदा एकत्र बसवू लागलो आहोत. तक्रार एकट्याने न लिहिता एकत्र लिहायची, अपघात झाल्यास एकमेकांच्या घरी धावायचे, एवढेच तूर्त ठरले आहे. त्या मुलाचे खाते काही दिवसांनी पुन्हा सुरू झाले. कोणी सुरू केले, ते त्याला कळले नाही.

शुमाखर यांनी पुस्तकाचा शेवट विवेक, न्याय, धैर्य आणि संयम या चार प्राचीन सद्गुणांच्या स्मरणाने केला आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे शब्द भेटतात, तेव्हा लेखक अर्थशास्त्र कोणासाठी लिहीत होता ते कळते. पुस्तकाचे उपशीर्षकही तेच सांगते: माणसांना काही मोल आहे, असे मानून केलेला हा अर्थशास्त्राचा अभ्यास आहे. वाचकांना माझी विनंती एवढीच की, हे पुस्तक हाती आले तर चौथ्या भागापासून वाचायला सुरुवात करावी. मग मागे यावे. श्रमावरील प्रकरण स्वीकारावे, स्त्रियांविषयीचे वाक्य नाकारावे, कोळशाचा हिशेब दुरुस्त करून घ्यावा. आणि आपल्या धर्मग्रामात पुढच्या वेळी कोणी बचत गटाला यंत्र भेट देऊ लागले, तर आभार मानण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: या यंत्रावर निघालेल्या मालाचा दर कोण ठरवणार?